कोनाड्यातला कप

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना कागदावर लिहून दिलं होतं : वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, थेंब वेळच्या वेळी घालायचे, आणि चष्म्याचा नंबर दीड महिन्यानं. पहिल्या चार गोष्टी आईनं ऐकल्यासारखं केलं. पाचवीला ती अडली. "दीड म्हैना म्या वाचायचं न्हाई?"

आईचं शिक्षण सातवी. पण हाती आलेला कागद वाचल्याशिवाय खाली ठेवायचा नाही, ही तिची जुनी खोड. श्रावणात पांडवप्रताप, एरवी दुपारी पेपर, तोही निविदा सूचनांसकट, आणि भेळ संपली की पुड्याचा कागद. दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू होताच, त्याची पाळी दिवाळीनंतर. शेवटी मी म्हटलं, रात्री जेवणं झाली की मी वाचून दाखवते. वाचनालयाचं कार्ड होतं, गेली काही वर्षं नुसती वर्गणी भरून जिवंत ठेवलेलं.

पहिल्यांदा आणली एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी. तिसऱ्या रात्री आई घोरायला लागली. सकाळी चहा पिताना म्हणाली, "त्यात समदे राजेच हाईत गं. सैपाक कोन करतंय ते कुटं येतच न्हाई."

मग 'श्यामची आई' विचारलं. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढलेलं, आमच्या पिढीला शाळेतून पाजलेलं पुस्तक. "नको. त्यात आई मरती," एवढंच म्हणून तिनं कूस बदलली. ऑपरेशन झालेल्या बाईशी वाद घालत नाहीत.

'स्मृतिचित्रे' मात्र लागू पडलं. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र १९३४ पासून पुस्तकरूपानं येऊ लागलं आणि दोनच वर्षांत त्या गेल्या. नव्वद वर्षं झाली, तरी वाक्य असं की शेजारीण कट्ट्यावर बसून बोलतेय. सुरुवातीलाच त्यांच्या वडिलांचं सोवळं येतं. बाजारातून आलेलं सगळं धुऊन घरात घ्यायचं, अगदी मीठसुद्धा. मी ते वाचलं आणि आई उठूनच बसली. "मीठ? धुतल्यावर ऱ्हायलं काय त्याचं?" हसताना डोळ्यावर ताण येईल म्हणून एका हातानं ती काळा चष्मा धरून हसत होती. त्या रात्री दोनदा तो परिच्छेद वाचावा लागला.

पुढं टिळक आले, म्हणजे लक्ष्मीबाईंचे नवरे, नारायण वामन टिळक. कवी, लहरी, हातात पैसा न टिकणारे, बायकोला न सांगता घरातून निघून जाणारे. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई काही वर्षं पोराला घेऊन त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. टीकाकार या भागाबद्दल भाविकतेनं लिहितात, आध्यात्मिक प्रवास वगैरे. आईची टीका वेगळी होती. "मानूस मोठा आसंल. पन घरात त्याल हाय का न्हाई, ह्ये बघितलं का कधी?" लक्ष्मीबाई नवऱ्यावर रागावल्या की आई हुंकार द्यायची, आणि त्या विरघळल्या की "बग, झाली का मऊ" म्हणून मान हलवायची. पुस्तकभर दोघींचं असं चाललं होतं.

मला वाटतं, कष्टाची पुस्तकं दोन जातींची असतात. एका जातीच्या पुस्तकात भूक म्हणजे जिन्याच्या पायऱ्या. पहिल्या प्रकरणात गळकं छप्पर, मध्ये रस्त्यावरच्या दिव्याखालचा अभ्यास, शेवटी लाल दिव्याची गाडी आणि गावात सत्कार. ती मीही वाचली आहेत, मुलाच्या दहावीला त्याच्या उशाशीही ठेवली आहेत. त्यानं ती उघडली नाहीत आणि त्याचं फारसं बिघडलं नाही. त्या पुस्तकांना गरिबीतून बाहेर पडायची इतकी घाई असते की गरिबीत एक मंगळवार कसा जातो, हे त्यांना सांगताच येत नाही. दुसऱ्या जातीची पुस्तकं त्या मंगळवारी बसून राहतात. पीठ किती, माणसं किती, शेवटी कोण जेवलं, आणि शेवटी जेवणाऱ्याच्या ताटात काय पडलं, हे ती सांगतात. आईला कादंबरीत सापडत नव्हतं ते हेच.

म्हणून नंतर 'झोंबी' आणलं. आनंद यादवांचं, १९८७ सालचं. कागलचा एक पोरगा, शाळेसाठी तडफडणारा, आणि त्याला मळ्यात जुंपणारा बाप. या पुस्तकानं माझी फजिती केली. मी साताऱ्यात शिकलेली, प्रमाणभाषेत पस्तीस वर्षं मुरलेली. यादवांच्या माणसांचं बोलणं मी धडा वाचल्यासारखं वाचायला लागले आणि आईनं मला थांबवलं. "आसं न्हाई. 'आरं' म्हन. तोंड उघडून म्हन. शिवी हाय ती, आशी गोड काय म्हनतीस?" पंच्याहत्तरीची बाई पन्नाशीच्या पोरीला शिवी कशी द्यायची ते शिकवत होती. कागल आणि आईच्या माहेरचं फलटण यांच्यात बराच मुलूख आहे आणि बोलीही तंतोतंत एक नाही, पण ताल तिच्या अंगात होता. दोन-तीन रात्रींत माझी जीभही वळायला लागली. लहानपणी मी असंच बोलत असणार. शाळेतल्या बाईंनी "हाय नाही, आहे म्हणायचं" असं शिकवून ते कधी पुसून टाकलं, कळलंच नव्हतं.

आणि मग आई परिच्छेदांच्या मध्ये बोलायला लागली.

मला वाटायचं, तिचं आयुष्य मला माहीत आहे. माहीत होतं ते ठळक ठळक. सातवीनंतर शाळा सुटली, अठराव्या वर्षी लग्न, आप्पांचा स्वभाव तापट, पाच-सहा एकर कोरडवाहू आणि एक विहीर. पण तिची शाळा कशी सुटली, हे 'झोंबी'तला बाप पोराला मोटेवर हाकलत असताना पहिल्यांदा ऐकलं. कुणी नको म्हटलं नव्हतं, रागावलंही नव्हतं. तिच्या धाकट्या भावाचा जन्म झाला, तिची आई बाळंतिणीच्या खोलीत गेली, आणि शेतावर भाकरी पोचवायचं काम हिच्याकडं आलं. "दोन म्हैन्यांसाठी" म्हणून दप्तर खुंटीला लावलं. "खुंटीवरनं काडायचं कुनाच्या ध्यानातच आलं न्हाई," आई म्हणाली. "माज्याबी न्हाई." तो धाकटा भाऊ म्हणजे माझा मामा. तो बीए झाला. ती त्याच्यावर कधी रागावलेली मी पाहिली नाही, त्या रात्रीही ती रागावलेली नव्हती. माझाच पुढचा परिच्छेद वाचताना आवाज नीट लागेना.

बहात्तरचा दुष्काळही असाच निघाला. तेव्हा ती बावीस वर्षांची, कडेवर माझा थोरला भाऊ. सरकारनं ठिकठिकाणी कामं काढली होती. रस्ते, पाझर तलाव, बंडिंग. रोजगार हमी योजनेचा जन्म त्याच दिवसांतला, कायदा मागाहून १९७७ साली झाला. आमच्याकडची विहीर तळाला गेली तेव्हा घरातल्या सुनाही खडी फोडायला गेल्या. आजी, म्हणजे आईची सासू, तिच्या आत्याबाई, तिला तोंडाला पदर बांधून पाठवायच्या. कुणी ओळखू नये म्हणून. "आन् समदं गावच तितं," आई म्हणाली. "कोन कुनाला वळखनार न्हाई? समद्याच तोंड बांदून बसलेल्या." मिलोची, म्हणजे रेशनवरच्या तांबड्या ज्वारीची, भाकरी थापताना तुटायची, तव्यावर टाकेपर्यंत तिचे चार तुकडे व्हायचे. पोरांना सुकडी, म्हणजे दुष्काळात वाटलेला पौष्टिक खाऊ, मिळायची, तर भावाच्या वाटणीची सुकडी आजी चाखून बघायची, कशी लागते म्हणून, आणि चाखता चाखता निम्मी संपायची. हे सांगताना आई मिठाच्या गोष्टीइतकीच हसली.

मला हे आवडायला लागलं होतं. खरं सांगायचं तर थोडा माजच आला होता. आपल्याही घरात एक 'स्मृतिचित्रे' आहे, एक 'झोंबी' आहे, फक्त कुणी लिहिलं नाही, असं मनाशी म्हणत मी वाचनालयात जायची. त्याच तोऱ्यात बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' उचललं. म्हटलं, बाई फलटणची. आईचं माहेर त्याच तालुक्यातलं, तिला आवडेल.

बेबीताईंचं लिहिणं मला आधीपासून ठाऊक होतं. फलटणला त्यांचं छोटंसं किराणा दुकान. माल बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या वाचायच्या, आणि गिऱ्हाईक नसताना तिथंच बसून लिहायच्या. नवऱ्याला, मुलाला कळू नये म्हणून वह्या जुन्या कागदांखाली दडवून ठेवायच्या, एकदोन नाही, वीसेक वर्षं. पुढं 'स्त्री' मासिकातून ते क्रमशः आलं आणि १९८६ साली पुस्तक झालं. आईला रद्दीची गोष्ट आधी सांगितली. भेळेचा कागद वाचणाऱ्या बाईला ती लगेच पटली. "दुकानात बसून वाचायला बरं," ती म्हणाली. "कुनी इचारलं तर म्हनायचं, पुडी बांदतीया."

पहिल्या दोन रात्री नीट गेल्या. वीरगाव, आज्याचं घर, जत्रा, सासुरवाशिणींचे हाल. आठ-नऊ वर्षांच्या पोरी सुना म्हणून येतात, मध्यरात्र उलटली की जात्यावर बसतात, भाकरी नीट झाली नाही म्हणून मार खातात. आई हुंकार देत होती. तिसऱ्या रात्री सरपणाचा भाग आला. महारवाड्यातल्या बाया रानातून मोळ्या आणून गावात ब्राह्मणांच्या घरी विकतात, आणि घरधनीण त्यांना बजावते, लाकडाला केस किंवा दोरा चिकटलेला नाही ना ते नीट बघा, नाहीतर आमचं घर बाटेल. उन्हातून आलेली बाई मोळी सोडून एकेक काटकी तपासून देते.

मी वाचत होते. हुंकार आला नाही. झोपली असेल म्हणून मान वर केली, तर ती छताकडं तोंड करून जागीच होती.

"आपल्या घरी मोळी न्हाई घेतली कदी," ती बऱ्याच वेळानं म्हणाली. "सरपान शेतातलंच आसायचं." आणि मग, "पन त्यो कप व्हता."

कप म्हटल्याबरोबर मला तो दिसला. चाळीसेक वर्षांत एकदाही आठवला नव्हता. पडवीच्या बाहेरच्या भिंतीत, जोत्यापासून हातभर वर एक कोनाडा होता. त्यात पांढरा कप, कान तुटलेला, एका बाजूला निळं फूल, काठाला टवका उडालेला. बशी नाही. मी सहा-सात वर्षांची असताना भातुकलीला म्हणून तो उचलून आत आणला होता, आणि आजीनं माझ्या हाताला धरून मला न्हाणीत नेऊन अंगावर तांब्याभर गार पाणी ओतलं होतं. कशाला ते कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. आमच्या घरात गार पाणी अंगावर पडायला फार कारण लागायचं नाही.

त्या कपातून चहा पिणारी एक बाई होती. सुगीत कामाला यायची, एरवी दिवाळीच्या आधी पडवी सारवायची. चहा झाला की आई किंवा आजी पातेलं उंच धरून वरून ओतायची. ती पिऊन झाल्यावर कप स्वतः विसळायची आणि परत कोनाड्यात पालथा ठेवायची. पालथा, म्हणजे पाल किंवा झुरळ आत जाऊ नये. तिची तेवढी काळजी ती स्वतःच घेत होती.

"आन् तीच खडीवर माज्या शेजारी बसायची," आई म्हणाली. "बहात्तरला. हातोडा माज्या बोटावर आला तवा तिनं लुगड्याची चिंदी फाडून बांदली. तिच्याच गाडग्यातलं पानी प्याले म्या. तितं कोन बघतंय. दुपारी पानी प्याले, आन् चार दिसांनी ती घरी आली, तर चा ओतला वरनंच."

"कुणी सांगितलं होतं तसं ओतायला?"

"कुनी कशाला सांगंल? आत्याबाई उंबऱ्यात हुत्याच. आन् त्या नसत्या तरी ओतला आसता. हाताला सवंच ती."

मी पुस्तक मिटलं. आई थांबली नाही. "मीठ धुतलं म्हनून हसलो आपन, व्हय ना? ती बाई कप धूत व्हती ते दिसलं न्हाई मला कदी. रोज बघून दिसलं न्हाई."

इतकी वर्षं अशी पुस्तकं वाचताना मी कुठं बसत होते, हे त्या रात्री उलगडलं. उपाशी पोराशेजारी. लक्ष्मीबाईंच्या बाजूला, मळ्यात राबणाऱ्या मुलाच्या बाजूला, दया पवारांच्या 'बलुतं'तल्या मुंबईच्या कावाखान्यात. वाचकाला ती जागा आपोआप मिळते, पैसे मोजावे लागत नाहीत. डोळे भरून येतात, आपण चांगले आहोत असंही वाटतं. ऊर्मिला पवारांचं 'आयदान' मी कॉलेजातल्या मैत्रिणींना भेट म्हणून दिलं आहे. त्यात आईनं विणलेल्या टोपल्या घरोघर पोचवायला जाणाऱ्या मुलीला बाहेर उभं करतात, टोपलीवर पाणी शिंपडून ती आत घेतात आणि पैसे तिच्या हातावर वरून टाकतात. ते वाचताना मी त्या मुलीच्या अंगात शिरून उंबऱ्याबाहेर उभी राहिले होते. उंबऱ्याच्या आतली, तांब्यात पाणी घेऊन आलेली बाई कोण, याकडं बघायची गरजच पडली नव्हती. त्या पुस्तकांत तिला नाव नसतं. नाव नसल्यामुळं ती आमच्या घरातली असू शकेल, हे लक्षात आलं नव्हतं.

आमचे कष्ट खोटे होते असं नाही. दप्तर खुंटीवर राहिलं ते राहिलंच, बोट ठेचलं ते ठेचलंच. पण दोन्ही एकाच बाईच्या हातून झालं. चिंधी बांधून घेणारा हात आणि वरून चहा ओतणारा हात एकच. असं कुठल्या प्रकरणात घालायचं, मला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी भावाला फोन केला. गावाकडचं घर त्यानं आठ वर्षांपूर्वी पाडून बांधलंय, पडवीच्या जागी आता टाईल्सचा ओटा आहे. कोनाडा आठवतो का विचारलं, तर म्हणाला, "कुठला? दिवा लावायचा तो?" कपाचं त्याला काहीच आठवेना. त्या बाईचंही नाही, फक्त "पडवी झकास सारवायची" एवढं. आईला आठवत होतं. कोनाडा डावीकडं, खाली घंगाळ. ती बाई कपाळावर हिरवं गोंदण असलेली, आईपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. नाव इथं लिहीत नाही. तिनं काही लिहिलेलं नाही आणि तिच्यावर मी लिहावं अशी परवानगी मागायला ती आता नाही.

पुस्तक आम्ही पुरं केलं. उरलेल्या रात्री आई फार बोलली नाही. एकदा मी तिला सांगितलं की बेबीताईंनी एका मुलाखतीत नवऱ्याच्या मारहाणीबद्दल सांगितलं आहे, पण पुस्तकात स्वतःचं ते दुःख घातलेलं नाही. पुस्तक त्यांनी समाजाचं म्हणून लिहिलं. यावर आई काहीतरी म्हणेल असं वाटलं होतं. आप्पांच्या तापट स्वभावाचं मी वर एका शब्दात उरकलंय, तिथं तेवढंच राहू दे. आईनं विचारलं, "पुस्तक लिवलं तवा नवरा हयात व्हता का?" मग स्वतःच म्हणाली, "नसला तरी लिववत न्हाई."

आणि त्याच रात्री, दिवा मालवल्यावर अंधारात : "तिनं लिवलं आसतं तर आपलं काय लिवलं आसतं गं?"

मी उत्तर दिलं नाही. काय लिहिलं असतं ते आम्हा दोघींना अर्ध्या तासापूर्वीच वाचून झालं होतं. फारतर चार ओळी. पडवी, कोनाडा, वरून ओतलेला चहा. आईची चिंधी, खुंटीवरचं दप्तर, मिलोची भाकरी यातलं काहीही त्या चार ओळींत आलं नसतं, आणि यायचं कारणही नव्हतं.

दीड महिना संपला. चष्मा झाला. दुकानातच आईनं काउंटरवरचं माहितीपत्रक वाचून बघितलं, उलटसुलट, छपाई करणाऱ्या प्रेसच्या नावापर्यंत. घरी आल्यावर म्हणाली, "ते फलटनच्या बाईचं परत आन." मला वाटलं होतं ती आता एखादी पोथी काढेल.

आता रात्री जेवणं झाली की ती तिच्या खाटेवर वाचते, मी माझ्या. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत, हळूहळू. सरपणाचं पान तिनं दोनदा वाचलेलं मी पाहिलं. मध्येच कुठंतरी "हं" असा आवाज येतो. मी पुस्तक खाली घेते.

"काय गं?"

"काय न्हाई. वाच तू तुजं."